पोट फुगतंय? सांगली-मिरजेतली पॅकेजं, सोनोग्राफी आणि ओपीडी यांची पारख

विश्रामबागेतून मिरजेकडे जाताना नुसत्या पाट्या वाचल्या तरी कळतं, की दवाखाने, लॅब आणि सोनोग्राफी सेंटर यांची इथे वाण नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आजही सीमेपलीकडचे कन्नड बोलणारे रुग्ण रेल्वेने मिरजेला उतरतात. त्यामुळे सेवा मिळत नाही अशी तक्रार करायला जागा नाही. प्रश्न निवडीचा आहे. पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं, त्यातही बाईचं पोट महिनाभर तट्ट राहिलं, तर यातलं काय आधी घ्यावं? आमचं मत आधीच सांगून टाकतो: पहिला पैसा पोटाच्या आणि ओटीपोटाच्या नीट केलेल्या सोनोग्राफीवर, शेवटचा ‘फुल बॉडी’ पॅकेजवर.

पॅकेजची जाहिरात साठ-सत्तर तपासण्यांची असते. त्या मोजतात कशा ते पाहा. एका सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, हिमोग्लोबिन, पेशींची संख्या, प्रकार, आकार असे वीसएक आकडे येतात. लिव्हरचे दहा-अकरा, लघवीचे पंधराएक. जाहिरातीत प्रत्येक आकडा ही एक तपासणी होते, दंडातून रक्त मात्र तीन-चार नळ्यांपुरतंच जातं. फुगणाऱ्या पोटासाठी यातले कामाचे आकडे मोजकेच: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडचा आकडा), लिव्हर आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), साखर. थायरॉइड मंदावला की आतडी मंदावतात, अल्ब्युमिन घसरलं की पोटात पाणी साठण्याची शंका घ्यावी लागते, आणि पाळी बंद झालेल्या बाईचं किंवा कुठल्याही पुरुषाचं हिमोग्लोबिन उतरलं तर रक्त जातंय कुठून हे शोधावंच लागतं. हे सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सुटंही करता येतं.

पॅकेजमध्ये जे नसतं तेच महत्त्वाचं. रक्ताच्या रिपोर्टात अंडाशयाची गाठ दिसत नाही आणि पोटातलं पाणीही दिसत नाही. उलट व्हिटॅमिन डी लाल अक्षरात येतं, रुग्ण कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतो, त्या गोळ्यांनी मलावरोध होतो आणि पोट आणखी फुगतं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. महागड्या पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’, म्हणजे सीए १२५सारख्या कॅन्सरचा संशय घेणाऱ्या रक्ततपासण्या, जोडलेल्या असतात. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

मेडिकलच्या काउंटरवर मिळणाऱ्या मालाचं फार कौतुक करण्यासारखं नाही. फ्रूट सॉल्टच्या पुडीत खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड असतं. पाण्यात पडताच त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, ढेकर येते आणि मोकळं वाटतं. पण ती ढेकर बरीचशी पुडीतल्याच वायूची असते. त्यात सोडियम भरपूर, म्हणून बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी ती रोजची करू नये. पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल जळजळीवर चांगली, फुगण्यावर क्वचितच. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि पोटातलं आम्ल घटल्यामुळे लहान आतड्यात जिवाणू वाढून गॅस वाढण्याचीही शक्यता असते. ‘पोट साफ’ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. चार दिवस ठीक, पण रोज घेतली तर पोटात मुरडा येतो आणि पोटॅशियम उतरू शकतं. गॅसचे बुडबुडे फोडणारं सिमेथिकोन त्या मानाने निरुपद्रवी, पण फायदाही बेताचाच.

त्याआधी घरातली गोळ्यांची पिशवी ओतून पाहावी. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज असेल तर गॅस होणारच. ही औषधं पिष्ट पदार्थांचं पचन वरच्या आतड्यात रोखतात, न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. मेटफॉर्मिननेही पोट बिघडतं. त्याचा हळूहळू विरघळणारा प्रकार अनेकांना सोसतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण स्ट्रिप डॉक्टरांसमोर ठेवाच. वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात, त्यांचाही उल्लेख करा. लोक हे लाजून लपवतात.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची एक वही सोबत असेल तर निदानाचं निम्मं काम झालेलं असतं. शिंप्याची टेप बेंबीच्या रेषेत धरायची, सहज श्वास सोडून माप घ्यायचं: सकाळी शौचानंतर एकदा, रात्री झोपण्यापूर्वी एकदा. बायकांना परकराची नाडी आपोआपच हिशेब देते. सकाळी पोट सपाट, संध्याकाळी फुगलेलं, वारा सरला की उतरलेलं, असं असेल तर बहुधा आतड्यांच्या चालीचा किंवा खाण्याचा प्रश्न असतो. सकाळीही न उतरणारं आणि आठवड्यागणिक वाढत जाणारं पोट वेगळं. त्यासोबत चार घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार किंवा घाईने जावं लागणं यांपैकी काही असेल तर तेही तारखेसकट लिहावं. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०११ साली घालून दिलेली रेघ इथेही उपयोगी पडते: अशी लक्षणं महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा येत असतील, विशेषतः पन्नाशीनंतरच्या बाईला, तर अंडाशयाच्या कॅन्सरची तपासणी करायची. त्याच मार्गदर्शनात असंही म्हटलंय, की ‘आयबीएस’, म्हणजे गाठ-जखम नसताना आतड्यांची चाल बिघडणं, बाईला पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू होणं विरळ. म्हणून या वयात नव्याने ‘आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका’ असं ओटीपोट न तपासता कुणी सांगितलं, तर ते मत अपुरं धरावं. वजन घटणं, शौचातून रक्त, डांबरासारखं काळं शौच, सतत उलट्या, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर वही बाजूला ठेवून लगेच निघावं.

आता सोनोग्राफी. तिचा दर्जा यंत्राइतकाच तपासणाऱ्याच्या हातावर आणि रुग्णाच्या तयारीवर ठरतो. चिठ्ठीवर नुसतं ‘सोनोग्राफी’ असेल तर ते पुरत नाही. ‘पोट आणि ओटीपोट’ असं लिहून घ्या, शिवाय ‘तीन आठवडे फुगणं, पाळी बंद होऊन चार वर्षं’ अशी एक ओळ. रेडिओलॉजिस्टला काय शोधायचं हे कळलं की तो तिथे जास्त वेळ थांबतो. वरच्या पोटासाठी सहा ते आठ तास उपाशी राहायचं, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि गॅसआड स्वादुपिंड लपतं. चहासुद्धा नको. ओटीपोटासाठी लघवीची पिशवी भरलेली हवी: तासभर आधी चार-पाच ग्लास साधं पाणी. सोडा किंवा कोल्ड्रिंक पिऊन पिशवी भरणारेही भेटतात. त्याने गॅसच वाढतो आणि पडद्यावर नीट काही दिसत नाही. रजोनिवृत्तीनंतर अंडाशय लहान होतात, पोटावरून नीट दिसत नाहीत, म्हणून योनीमार्गातून केलेली तपासणी अधिक भरवशाची. तिच्यासाठी लघवी करून यायचं असतं. म्हणजे आधी भरलेल्या पिशवीने पोटावरून, मग पिशवी रिकामी करून आतून, असा क्रम. आतून तपासणी होते का, स्त्री डॉक्टर किंवा सोबत परिचारिका असते का, हे वेळ घेतानाच फोनवर विचारा. विवाहित बाईला हा पर्यायच न देणाऱ्या सेंटरला आमच्याकडून एक गुण कमी.

रिपोर्ट हातात आला की ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’वर डोळे खिळतात. ते मध्यम वयात खूप जणांत सापडतं आणि पोट फुगण्याचा दोष सहसा त्याच्या माथी मारता येत नाही. शोधायचे शब्द दुसरेच: अंडाशयात घन भाग असलेली किंवा आत पडदे असलेली गाठ, पोटात पाणी, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जाड. ‘गॅसमुळे दिसलं नाही’ असं स्वादुपिंडाबद्दल किंवा अंडाशयाबद्दल लिहिलं असेल, तर तो अवयव नॉर्मल आहे असा त्याचा अर्थ होत नाही; तो पाहायचा राहिलाय. थोडं पाणीही सोनोग्राफीत दिसतं. हाताने ठोकून कळायला लिटर-दीड लिटर साठावं लागतं.

सीए १२५ हा अंडाशयाच्या कॅन्सरसाठीचा मार्कर; ही रक्ततपासणी बाईला अशी लक्षणं असतील तर करावी, हौस म्हणून करू नये. ३५च्या वर आकडा गेला की पुढचा तपास होतो. पण पाळी चालू असताना, फायब्रॉइड (गर्भाशयाची साधी गाठ), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं), लिव्हरच्या आजारातलं पाणी, या सगळ्यांत तो वाढतो. आपल्याकडे आणखी एक मोठं कारण आहे, पोटाचा टीबी. त्यात आकडा शेकड्यांत जाऊ शकतो आणि चित्र कॅन्सरसारखं दिसतं. उलट अंडाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यात जवळपास निम्म्या बायकांत तो नॉर्मल असतो. म्हणून लक्षणांशिवाय, पॅकेजमध्ये फुकट मिळालेला सीए १२५ बहुतेकदा झोप उडवतो किंवा खोटा धीर देतो.

एंडोस्कोपीचा सल्ला लवकर मिळतो. ती अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात दाखवते. जळजळ, उलटी, गिळताना अडखळणं, ॲनिमिया असेल तर जरूर करावी. पण तिचा रिपोर्ट ‘सौम्य गॅस्ट्रायटिस’ आला म्हणून अंडाशय तपासून झालं असं होत नाही. शौचाची सवय बदलली असेल तर कोलोनोस्कोपीचा विचार.

डॉक्टर निवडताना आमची कसोटी साधी आहे: ते टेबलावर झोपवतात का? पोट दाबून, बोटांनी ठोकून, कुशीवर वळवून परत ठोकून पाहणं हे दोन-तीन मिनिटांचं काम. पाळी गेलेल्या बाईने स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आधी जावं, पुरुषाने फिजिशियनकडे. दारू किंवा कावीळ मागे असेल तर लिव्हरचा संशय पहिला. मिरजेच्या मेडिकल कॉलेजच्या आणि सांगलीच्या सिव्हिलच्या ओपीडीचा फायदा हा, की मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग ही खाती एकमेकांकडे पाठवू शकतात. केसपेपरसाठी सकाळी लवकर पोचा, जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा.

पाणी सापडलं तर सुईने थोडं काढून तपासतात. अल्ब्युमिन, पेशी, एडीए (टीबीच्या संशयासाठी) आणि सायटोलॉजी (कॅन्सरच्या पेशींसाठी) या चारही गोष्टी मागितल्या आहेत का, आणि त्याच दिवशी रक्तातलं अल्ब्युमिनही घेतलं का, हे विचारा. रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिनचा फरक १.१ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा जास्त असेल तर बोट बहुधा लिव्हरच्या वाढलेल्या दाबाकडे जातं, कमी असेल तर टीबी किंवा कॅन्सरकडे. अंडाशयाची गाठ संशयास्पद असेल तर तिच्यात सुई घालू देऊ नका आणि ‘दुर्बिणीतून पटकन काढून टाकू’ याला लगेच होकार देऊ नका. गाठ आत फुटली तर आजार पसरू शकतो. असं ऑपरेशन स्त्रीरोग-कॅन्सरच्या सर्जनने केलेलं बरं. मिरजेत कॅन्सरचं रुग्णालय आहे, तिथे आधी मत घेता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन केलेल्या उपचारांसाठी; ओपीडीतल्या सुरुवातीच्या तपासण्यांचा खर्च त्यात धरू नका.

सगळं स्वच्छ निघालं तर ताट तपासायचं. कांदा, लसूण, गहू यांतले फ्रुक्टन (न पचणारे पिष्टासारखे घटक) आणि मटकी-चवळीतल्या साखरा आतड्यात आंबतात. तासगावचे बेदाणे मूठभर खाणं आणि लसूण घातलेलं भडंग हेही याच यादीत. ज्वारीची भाकरी सहसा सोसते. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावं, कट कमी घ्यावा. दूध पेलाभर न सोसणाऱ्याला चहापुरतं दूध आणि दही बहुधा चालतं. हे पदार्थ चारेक आठवडे कमी करून मग एकेक, तीन-तीन दिवसांनी परत आणायचा. सगळं कायमचं सोडू नका. इसबगोल अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्यासोबत. एकदम दोन चमचे घेतलं तर पहिल्या आठवड्यात पोट आणखी फुगतं आणि लोक ते टाकून देतात. गव्हाचा संशय असेल तर गहू सोडण्याआधी सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी करा, नंतर ती खोटी नॉर्मल येते.

आणि नॉर्मल सोनोग्राफी म्हणजे आयुष्यभराचा परवाना नव्हे. लक्षणं वाढली किंवा रोजची झाली तर जुना रिपोर्ट पुढे करून बसू नका. नवी चिठ्ठी घ्या आणि तुलनेसाठी आधीची फिल्म सोबत न्या.