मोंढ्यात शिवून घेतलेल्या टॅकल शील्ड: ट्रायलाइनजवळच्या सरावाला कशा आहेत?

रग्बी लीगचा (तेरा जणांच्या रग्बीचा) संघ बांधणाऱ्या मराठवाड्यातल्या कुणाला टॅकल शील्ड, म्हणजे धडकेच्या सरावात हातात धरायच्या फोमच्या ढाली, हव्या असतील, तर परभणीच्या नव्या मोंढ्यात ताडपत्री शिवणाऱ्या चाचांकडे जा. दुकानाला नाव असं नाही. पाटीवर ‘ताडपत्री, तंबू, सीट कव्हर शिवून मिळेल’ एवढंच लिहिलंय. आम्ही त्यांच्याकडून सहा शील्ड शिवून घेतल्या, एकीला 1,250 रुपये पडले. ऑनलाइन मागवायच्या म्हटलं तर एका शील्डच्या पैशात इथं दोन होतात, आणि वाहतुकीचा खर्च वेगळा. एक हंगाम वापरून झाल्यावर हे लिहितोय. आमचा संघ शेवटच्या दहा मीटरमध्ये आता जसा खेळतो, त्यात या शील्डचा मोठा वाटा आहे.

आमची बहुतेक पोरं कबड्डीतून आलेली. चपळ आहेत, अंगाला अंग भिडवायला घाबरत नाहीत. मधल्या मैदानातून चेंडू पुढं नेताना ती कुणालाही ऐकत नव्हती. पण ट्रायलाइन, म्हणजे जिच्यापलीकडे चेंडू टेकवला की ट्राय होऊन गुण मिळतात ती रेषा, दिसायला लागली की सगळं अडायचं. चौथ्या-पाचव्या टॅकलपर्यंत (टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला पकडून अडवणं) एकाच जागी धडका, मग घाईचा पास, चेंडू खाली, आणि समोरच्यांचा सेट, म्हणजे सहा टॅकलची पाळी, सुरू.

याचं कारण खेळाच्या नियमातच आहे. टॅकल झाल्यावर बचाव करणाऱ्यांना 10 मीटर मागं जावं लागतं आणि चेंडूवाल्याला वेग धरायला तेवढी जागा मिळते. ट्रायलाइनपासून 5 मीटरवर टॅकल झालं, तर मात्र त्यांना फक्त ट्रायलाइनपर्यंत मागं सरकायचं असतं. म्हणजे आपली जागा निम्म्यावर येते. पाठीमागं राखायला लांबलचक मैदान नसल्यामुळे त्यांची रांगही दाट होते. हिशेब करून बघा: मैदान जास्तीत जास्त 68 मीटर रुंद. तेरा जणांतले दोघे मार्कर म्हणून चेंडूसमोर, फुलबॅक किकसाठी मागं, उरले दहा. प्रत्येकाच्या वाट्याला सात मीटरही येत नाहीत. अशा रांगेसमोर नुसता जोर चालत नाही. बचाव करणाऱ्याला अर्ध्या क्षणासाठी चुकीचा निर्णय घ्यायला लावावं लागतं, आणि हे काम सरावाच्या प्लास्टिकच्या कोनभोवती (शंकूभोवती) पळून शिकता येत नाही. कोन अंगावर येत नाही, खांदा वळवत नाही.

म्हणून शील्ड. चाचांनी ही वस्तू आधी कधी बघितलेली नव्हती. मोबाइलवर फोटो दाखवला, तर माप विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, “पोरगं किती जोरात येऊन धडकतंय ते सांगा सर, मग दोरा कोणता लावायचा ते ठरवू.” आणि खरंच एका संध्याकाळी ते मैदानावर येऊन बसले. तिथं बघून त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या: ट्रकच्या ताडपत्रीला वापरतात तो जाड नायलॉन दोरा, आणि आत दोन थरांचा फोम. धडक घेणाऱ्या बाजूला मऊ, धरणाऱ्याच्या बाजूला तुकड्यांचा दाबून केलेला कडक. नुसता गादीचा फोम दबून जातो आणि धक्का थेट धरणाऱ्याच्या हाडाला लागतो, हे त्यांनी हातानं दाबून दाखवलं. शील्ड दोन फूट उंच, दीड फूट रुंद, सहा इंच जाड. मागं एक पट्टा कोपरासाठी, एक मूठ. पट्ट्याची टोकं चौकोनात फुली मारून शिवलेली. एकही पट्टा अजून उसवलेला नाही.

पहिल्या दोन शील्डची मूठ फार खाली आली होती. धरणाऱ्याचा हात खाली ओढला जाऊन शील्डची वरची कड त्याच्या हनुवटीला लागायची. चाचांनी त्या परत घेतल्या, उसवून मूठ चार बोटं वर घेतली, पैसे मागितले नाहीत. बाकीच्या चार बरोबर आल्या.

रंगाचं मात्र आपोआप जमलं. कापडाचे तुकडे उरलेले होते म्हणून चार शील्ड निळ्या झाल्या, दोन पिवळ्या. त्यातूनच आमचा सगळ्यात कामाचा सराव निघाला. ट्रायलाइनवर फक्की मारून चार जण शील्ड घेऊन उभे करतो, तीन निळे आणि एक पिवळा. चेंडू डमी हाफकडून (टॅकलनंतर मागं लोटलेला चेंडू उचलणारा) हाफबॅककडे (चाल ठरवून पास देणारा) येतो. सेकंड रोचा (धडका देणाऱ्या फळीतला) खेळाडू शील्डमधल्या फटीवर तिरपा धावून येतो आणि त्याच्या पाठीमागून फुलबॅक वळसा घेतो. पिवळ्या शील्डवाल्याला मी आधीच कानात सांगून ठेवलेलं असतं: या वेळी आत वळ, किंवा जागेवर राहा. हाफबॅकला ते माहीत नसतं. त्यानं फक्त पिवळ्याचे खांदे बघायचे. खांदे पळणाऱ्याकडे वळले तर चेंडू मागच्या फुलबॅकला, नाही वळले तर पळणाऱ्याच्याच पोटाशी छोटा पास. सुरुवातीला आमचा हाफबॅक पास आधीच ठरवून यायचा. आता तो पिवळ्यावर नजर ठेवून शेवटच्या पावलापर्यंत थांबतो, आणि मॅचमध्ये पिवळी शील्ड नसली तरी नेमक्या त्या जागेवरच्या माणसाकडेच बघतो.

याच सरावात आणखी एक फायदा मिळाला, ज्याचा मी विचारही केला नव्हता. हूल द्यायला पळणारा खेळाडू बचावातल्या माणसाला आडवा गेला आणि चेंडू त्याच्या पाठीमागून खेळला गेला, तर अडथळ्याची पेनल्टी बसते. ट्रायलाइनजवळ हा गुन्हा फार महाग पडतो, कारण टाकलेला ट्रायही रद्द होतो. पंच नसलेल्या सरावात हे कळणार कसं? शील्डला खांदा घासला की ताडपत्रीचा ‘थप’ असा आवाज येतो, मैदानभर ऐकू जातो. आवाज आला की डाव तिथंच थांबवायचा, असा आमचा नियम. आता पळणारा फटीतून आरपार जातो, रांगेत मध्येच घुटमळत नाही.

दुसरा सराव प्ले-द-बॉलच्या, म्हणजे टॅकलनंतर चेंडू पुन्हा खेळात आणण्याच्या, वेगाचा. शील्डला धडकायचं, खाली पडायचं, उठून चेंडू जमिनीवर ठेवायचा, पायानं मागं लोटायचा आणि डमी हाफनं उचलायचा. तेवढ्यात शील्डवाल्यांनी ट्रायलाइनपर्यंत पळत जाऊन वळून उभं राहायचं. ट्रायलाइनजवळच्या अर्ध्याअधिक संधी इथंच तयार होतात असं माझं ठाम मत आहे. चेंडू लवकर खेळला तर मार्कर अजून चेंडूसमोर सरळ उभा नसतो, रांग पाठमोरी असते, आणि डमी हाफला स्वतःच घुसायला दार उघडं मिळतं. मेलबर्न स्टॉर्म संघाचा डमी हाफ कॅमेरॉन स्मिथ एनआरएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या रग्बी लीग स्पर्धेत, 430 सामने खेळला. तो कधी फार वेगवान नव्हता, पण बचावाची ती एक घटका त्यानं वर्षानुवर्षं हेरली. पोरांना त्याचं खेळणं दाखवतो ते याचसाठी.

पाथरीकडचा आमचा एक सेकंड रोचा पोरगा आहे, उसाच्या फडात राबून खांदे तयार झालेला. तो आधी शील्डच्या मधोमध छाती घालायचा आणि उभाच अडकायचा. त्याला दोन शील्डच्या मधल्या सांध्यावर यायला लावलं: खांदा कमरेइतका खाली, चेंडू बचावापासून लांबच्या हातात, धडक बसल्यावरही पाय चालू. सांध्यावर आला की दोन्ही शील्डवाले एकमेकांकडे बघतात, कोण घेणार म्हणून. तेवढ्यात त्याचा खांदा पलीकडे गेलेला असतो. त्यानंतर ट्रायलाइनवर एक शील्ड आडवी टाकून तिच्या पलीकडे हात लांबवून चेंडू टेकवायला शिकवलं. रेषा ओलांडून चेंडू टेकवता आला नाही तर तो टॅकल मोजला जातो आणि 10 मीटर मागून पुन्हा खेळावं लागतं. चार गुणांच्या दारात येऊन परत फिरणं मनाला फार लागतं, म्हणून हा सराव आम्ही थकल्यावरच करतो.

किकसाठी शील्डचा काही उपयोग नाही. शेवटच्या टॅकलवर रांगेमागं लोळती किक (ग्रबर) टाकून त्यांच्या खेळाडूला इन-गोलमध्येच, म्हणजे ट्रायलाइनमागच्या पट्ट्यातच, पकडलं तर त्यांना ड्रॉप-आउट घ्यावा लागतो, म्हणजे आपल्या रेषेवरून चेंडू टप्पा देऊन पुढं मारावा लागतो, आणि आपल्याला पुन्हा पूर्ण सेट मिळतो. हा सराव निव्वळ पायाचा आहे, त्याला काळ्या मातीत सपाट जागा शोधा. उन्हाळ्यात भेगांनी चेंडू कुठंही उडतो.

2023 च्या एनआरएल अंतिम सामन्यात पेनरिथचा संघ 24-8 ने मागं होता. त्यांचा हाफबॅक नेथन क्लिअरीनं शेवटच्या मिनिटांत स्वतः रांग फोडून ट्राय टाकला, त्यावरची किकही मारली, आणि सामना 26-24 असा जिंकला. आमच्या पोरांच्या मोबाइलमध्ये ती क्लिप आहे. आधी ती फक्त त्याचे पाय बघायची. आता क्लिप थांबवून एकमेकांना दाखवतात की समोरच्या कुठल्या माणसाचा खांदा कुठं वळला. माझ्या दृष्टीनं सहा शील्डचे पैसे तिथंच वसूल झाले.

आता उणिवा. शील्ड जड आहेत. अर्ध्या तासानंतर धरणारे ट्रायलाइनवर वेळेत पोचत नाहीत आणि हल्ला करणाऱ्यांना वाटतं आपण फार चांगलं खेळतोय. म्हणून धरणारे सारखे बदला, आणि कडेला उभं राहणाऱ्यांसाठी चार इंच जाडीच्या दोन हलक्या शील्ड वेगळ्या शिवून घ्या. दुसरं म्हणजे पाणी. ताडपत्रीतून पाणी जात नाही, पण शिवणीच्या भोकांतून झिरपतं आणि फोम दोन-दोन दिवस ओला राहतो, वास येतो. मागच्या बाजूला चेन लावून मागा, म्हणजे फोम काढून उन्हात टाकता येतो. आमच्या शील्डना चेन नव्हती, पावसाळ्यानंतर आम्ही ती लावून घेतली, एकीला 80 रुपये.

ऑर्डर कधी द्यायची हेही महत्त्वाचं. मे-जूनमध्ये चाचांकडे जाऊ नका. पेरणीच्या तोंडावर सगळा मोंढा ताडपत्रीसाठी तिथं उभा असतो. फेब्रुवारीत उरुसाच्या दिवसांत दुकानांच्या तंबूंचं काम असतं. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात चांगले, आठवड्यात काम हातात मिळतं. निम्मे पैसे आधी द्यावे लागतात. घासाघीस करून फार उतरत नाहीत, आणि केलेलं काम बघता करूही नये. मूठ कुठं हवी ते तुमच्या उंच आणि बुटक्या अशा दोन्ही खेळाडूंना दुकानात नेऊन, हात वाकवून उभं करून दाखवा. आम्ही पुढच्या खेपेला उभी टॅकल बॅग सांगितली आहे. तिच्या तळाला वाळू भरायची की जुन्या टायरचे तुकडे, यावर चाचांचा आणि माझा अजून विचार चाललाय.