सोलापुरात होटगी रोडकडचा वन बीएचके फ्लॅट : राहायला बरा, कमवायला नाही

नवरा-बायको दोघंही सकाळी डबा घेऊन बाहेर पडणार असतील तर बिनधास्त घ्या. ज्यांचं पोट घरात बसून भरतं, त्यांनी आधी हे वाचा आणि मग टोकन द्या.

स्कीमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर सोसायटीच्या नोंदणीवरून बिल्डरशी आमचं बोलणं अजून चालू आहे. दुसरं म्हणजे जुळे सोलापूर घ्या, विजापूर रोड घ्या नाहीतर अक्कलकोट रोड, साचा एकच. खाली पार्किंग, वर चार मजले, थोडे वन बीएचके आणि बाकी सगळे टू. घर शोधत फिरताना सेल्सवाला पोरगा प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलायचा, "ताई, अजून थोडं लोन वाढवा, टू घेऊन टाका."

आधी चांगलं ते सांगते. बांधकाम पक्कं आहे. बाथरूमचा उतार बरोबर काढलाय, पाणी साचत नाही. खालची पाण्याची टाकी मोठी आहे. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळं सोलापुरात घर बघताना मी हॉलच्या आधी टाकी बघते. मोटर, व्हॉल्व्ह सगळं वॉचमन बघतो. पाणी सुटलंय म्हणून रात्री दोनला उठून पिंपं भरायची कटकट गेली, हे एकच कारण सासूबाईंना पुरलं. कागदपत्रंही सरळ निघाली. बांधकाम चालू असताना घेतल्यामुळं जीएसटी १ टक्काच लागला (आपल्यासारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, आणि ४५ लाखांच्या आतल्या घराला तेवढाच), आणि माझ्या एकटीच्या नावावर खरेदी केल्यानं मुद्रांक शुल्कात आणखी १ टक्का वाचला. पत्रकावर मात्र 'सेलेबल' (जिना, लॉबीचा वाटा धरून) ६१० फूट छापलं होतं आणि करारात कार्पेट निघालं ३९२. रेरा हा घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा आल्यापासून हिशोब कार्पेटवरच व्हायला पाहिजे, तेव्हा पत्रक बाजूला ठेवा आणि करारातला आकडा वाचा.

पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत तापलेली असते. वरच्या मजल्याचा विचारच करू नका.

आता मुख्य गोष्ट. मी आणि सासूबाई शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून दुकानांना देतो. चटणी उखळातच कुटायची, हा सासूबाईंचा हट्ट आहे आणि तो बरोबर आहे. मिक्सरमध्ये दाण्याचा नुसता भुगा होतो. उखळात लसूण, जिरं, तिखट आणि भाजलेले दाणे घालून कुटत गेलं की हळूहळू तेल सुटतं, चटणी लालबुंद होते आणि बोटांनी दाबली की गोळा धरते. तिसऱ्या मजल्यावर हे काम करून बघा! पहिल्याच आठवड्यात खालच्या वहिनी वर आल्या. भांडायला नाही आल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "वहिनी, बाळ आत्ता कुठं झोपलंय हो." उखळाखाली पोतं घातलं, मग गाडीच्या टायरचा तुकडा घातला, तरी स्लॅबमधनं आवाज जातोच. पार्किंगच्या कोपऱ्यात कुटू म्हटलं, तर मीटिंगमध्ये ठरलं की 'कमर्शियल' चालणार नाही. भाकरी सुकवायला गच्ची मागितली, तर तिला कुलूप, आणि किल्ली बिल्डरच्या माणसाकडं.

वहिनींची चूक नाही. फ्लॅटचीही नाही म्हणा. हा नकाशा ज्यानं काढला त्यानं घर म्हणजे संध्याकाळी परत यायची जागा असं धरलं. या शहरात तसं नाही. इथं बाया घरात विड्या वळतात, कुणी टॉवेलला शिलाई मारतं, कुणी मागाच्या सुताच्या कांड्या भरतं, कुणी पापड लाटतं. आमचे हे यंत्रमागावर जातात, म्हणून घरातल्या निम्म्याच कमाईला फ्लॅट चालतो.

माझी आई कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती १०,००० घरं. केंद्र, राज्य आणि कामगार अशा तिघांच्या हिश्श्यातनं उभी राहिली, आणि २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी येऊन ती कामगारांच्या ताब्यात दिली. घर लहानच आहे, पण जमिनीवर आहे. दारात कट्टा. दुपारी चार-पाच जणी मांडीवर सुपं घेऊन बसतात, तेलुगूत गप्पा चालू आणि हात पानावर. भावाचं लग्न ठरल्यावर वर एक खोली काढली, आता त्याच खोलीच्या शेजारी दुसरी काढून भाड्यानं दिलीय. पैसा आला तसं घर वाढलं. माझा फ्लॅट पन्नास वर्षांनीही ३९२ फूटच राहणार.

नणंदेला असंघटित कामगारांच्या रे नगर वसाहतीत घर मिळालं. तिथं ३०,००० घरांची योजना आहे, पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या. तळमजला आणि वर दोन मजले. ज्यांची आयुष्यं पत्र्याखाली गेली, त्यांना त्यात काय मिळालं ते नणंदेच्या घरी पहिल्या पावसात गेले तेव्हा बघितलं. पण तिथंही तिला तळमजला मिळाला म्हणून शिवणाची दोन मशिनं बसली. वरच्या मजल्यावरच्या बाईला आमच्यासारखंच आवाजाचं बघावं लागणार.

आमचा भाऊ आर्किटेक्टकडं नकाशे काढतो. त्याच्याकडनं एक गंमत कळली. १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांमध्ये ४,००० चौरस मीटर किंवा त्यापेक्षा मोठ्या जागेवर स्कीम टाकली, की २० टक्के घरं आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. म्हाडाच्या लॉटरीत पुण्यातली तसली घरं निघतात ती त्यामुळंच. २०११ च्या जनगणनेत सोलापूर भरलं ९,५१,५५८. म्हणजे पन्नास हजार माणसं कमी पडली म्हणून आपल्या बिल्डरला ती सक्तीच नाही. मग तो टू बीएचके बांधणार नाहीतर काय करणार?

आणि ज्याला टू परवडत नाही तो जातो हद्दवाढ भागात, म्हणजे शहरात मागाहून जोडलेल्या गावांकडं, आणि गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला, अर्धा गुंठा घेतो. बँक त्यावर कर्ज द्यायला कां-कू करते, ड्रेनेज कधी येईल ते देवाला माहीत, पण उखळ मांडता येतं. आमचं बजेट त्या दोन टोकांच्या मधलं होतं आणि मध्ये काही विकायलाच नव्हतं. पेठांमधली जुनी घरं बघा, साखर पेठेतली घ्या नाहीतर भवानी पेठेतली : खाली माग किंवा दुकान, वर राहणं, मागं भाड्याची खोली. तीन प्रकारची माणसं एका भिंतीआड. नवीन लेआउटमध्ये हे का नको? अर्ध्या गुंठ्यावर कायदेशीर बैठं घर, वर मजला चढवायची परवानगी आधीच मंजूर. नाहीतर याच बिल्डिंगमध्ये पार्किंगच्या मागच्या बाजूला जमिनीलगत चार घरं, पुढं हातभर अंगण. आमच्या पार्किंगमध्ये तशीही निम्मी जागा रिकामी असते, सगळ्यांकडं दुचाक्याच तर आहेत. त्या चार घरांना मी फुटामागं शंभर-दोनशे रुपये जास्त दिले असते.

रेटिंग : पाचपैकी तीन. टाकीचा आणि कागदपत्रांचा एकेक, तिसरा खालच्या वहिनींच्या स्वभावाचा. चटणी आता आईच्या कट्ट्यावर कुटतो, सासूबाई आठवड्यातनं दोनदा तिकडं जातात आणि रिक्षाचं भाडं किलोमागच्या भावात धरलंय. बघायला जाणार असाल तर मे महिन्यात दुपारी चारला जा, पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, आणि गच्चीची किल्ली कुणाकडं राहणार ते करारात लिहून घ्या.