तीन पिनांचा कंपोनंट टेस्टर: मीच मारला, मीच दुरुस्त केला

हातात मावणारा, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ओळखून मोजणारा हा टेस्टर तीन वर्षं माझ्या टेबलावर आहे. ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये उलटासुलटा कसाही घाला, दांडी दाबा, बटण दाबा. बेस, कलेक्टर, एमिटर यांपैकी कुठला पाय कुठला ते चित्रासकट सांगतो. माझा खरा उपयोग मात्र ईएसआरचा, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध मोजण्याचा. तो वाढला की कपॅसिटर खराब. एसएमपीएस (अडॅप्टरसारखे स्विचिंग पॉवर सप्लाय) दुरुस्त करताना मल्टीमीटरने पास केलेले कितीतरी कपॅसिटर यानेच पकडून दिले. आणि कपॅसिटरनेच त्याचा घात केला.

एका बंद पडलेल्या अडॅप्टरमधला १०० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कपॅसिटर काढला होता. भाचा शेजारी बसला होता. म्हणाला, "मावशी, डिस्चार्ज केलास का?" मी म्हटलं, "अरे, दोन दिवस बंद आहे तो सप्लाय." कपॅसिटर सॉकेटला लावला आणि बटणाकडे बोट जायच्या आतच चट् असा आवाज आला. भाचा काही बोलला नाही. हा त्याचा चांगला गुण.

त्यानंतर टेस्टर चालू व्हायचा, दिवा लागायचा, पण काहीही घातलं तरी एकच उत्तर: 'पार्ट ओळखता आला नाही किंवा खराब आहे'. मधेच सॉकेट रिकामं असताना १ आणि ३ मध्ये रेझिस्टर दाखवायचा. तेव्हा मला शंका यायला हवी होती, पण मी बॅटरीच्या मागे लागले. मोकळी मोजली तर ८.९ व्होल्ट, बटण दाबून मोजली तर ६.२. बॅटरीचं व्होल्टेज पाचवर आणणारा आतला ७८एल०५ रेग्युलेटर इतक्या कमी व्होल्टेजवर सरळ पाच व्होल्ट देऊ शकत नाही. नवी बॅटरी घातली, चिपला ४.९८ व्होल्ट मिळू लागले, आणि टेस्टर तसाच. (बटण दाबलेलं असेपर्यंतच चालू राहणारा टेस्टर असेल, तर सप्लाय धरून ठेवणारा ट्रान्झिस्टर आणि त्याचं सोल्डर आधी बघा. तो आजार वेगळा.)

मग शांतपणे बसले. या टेस्टरची रचना समजली की दोष शोधणं सोपं आहे. मूळ डिझाइन मार्कुस फ्रेयेक आणि कार्ल-हाइन्झ क्युबेलर या दोन जर्मन हौशींचं, फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) खुलं. आत एटीमेगा३२८ मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सगळं काम करणारी चिप, असते. प्रत्येक टेस्ट पिन चिपच्या एडीसी (व्होल्टेज मोजणाऱ्या) पायाला थेट जोडलेली असते, आणि शिवाय ६८० ओमच्या आणि ४७० किलोओमच्या रेझिस्टरमधून आणखी दोन पायांना. या रेझिस्टरांमधून पिनांना आळीपाळीने पाच व्होल्ट आणि ग्राउंड देऊन बाकीच्या पिनांवर काय येतं ते चिप मोजते. 'थेट' हा शब्द महत्त्वाचा. भरलेला कपॅसिटर आणि चिपचा पाय यांच्यामध्ये काहीच नसतं.

बॅटरी काढून सहाही रेझिस्टर मोजले. सगळे ठीक. मग मल्टीमीटर डायोड मोडवर, लाल प्रोब ग्राउंडला, काळा एकेका टेस्ट पिनला. निरोगी पायाच्या आतला संरक्षक डायोड दिसतो, माझ्याकडे पहिल्या दोन पिनांवर ०.५८ व्होल्टच्या आसपास. तिसरीवर ०.०२. म्हणजे तो पाय आतून ग्राउंडला चिकटलेला. मिनिटभराचं हे एकच माप मी पहिल्याच दिवशी घेतलं असतं तर एक बॅटरी वाचली असती.

माझ्या बोर्डवर चिप अठ्ठावीस पायांची, सॉकेटमधली. हे नशीब. बऱ्याच बोर्डांवर ती चपटी, बत्तीस बारीक पायांची, बोर्डालाच सोल्डर केलेली असते. ती काढायला हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र) लागते आणि हात स्थिर लागतो.

नवी चिप आणली की झालं, असं वाटलं होतं. झालं नाही. नवी चिप कोरी असते आणि जुनीतला प्रोग्राम उचलायला गेले तर प्रोग्रामरने (चिपमधला प्रोग्राम वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राने) ओळीने वाढत जाणारे निरर्थक आकडे दिले. म्हणजे प्रोग्राम वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप. फर्मवेअर खुलं, आणि बोर्ड विकणारा त्यालाच कुलूप लावतो! शेवटी खुलं फर्मवेअर घेऊन स्वतः कंपाइल केलं, म्हणजे चिपला समजेल अशा रूपात आणलं. त्यात डिस्प्लेचा कंट्रोलर कुठला आणि तो चिपच्या कुठल्या पायांना जोडलाय ते मेकफाइलमध्ये (कंपाइल करतानाच्या सूचनांच्या फाइलमध्ये) बरोबर सांगावं लागतं. पहिल्या वेळी स्क्रीन कोरा, दुसऱ्या वेळी अक्षरं आरशातल्यासारखी. भाच्याने ती आरशात वाचून दाखवली.

तिसऱ्या वेळी सगळं सरळ दिसलं, पण एकेका मापाला इतका वेळ लागायचा की चहा होऊन जाईल. फ्यूज बिट, म्हणजे चिपच्या मूळ सेटिंग, विसरले होते. कोरी एटीमेगा३२८ आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला आठने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. बोर्डवरचा क्रिस्टल (बाहेरचं घड्याळ) वापर, असं तिला फ्यूज बिटमधून सांगावं लागतं. ते सांगितल्यावर टेस्टर पूर्वीसारखा पळू लागला.

शेवटी कॅलिब्रेशन, म्हणजे टेस्टरची स्वतःची चूक त्यालाच मोजून सुधारायला लावणं. तिन्ही पिना तारेने शॉर्ट करून बटण दाबायचं, सांगेल तेव्हा तार काढायची, मग १ आणि ३ मध्ये १०० नॅनोफॅरडपेक्षा मोठा चांगला फिल्म कपॅसिटर लावायचा. हे टाळू नका. कॅलिब्रेशनआधी माझा १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर १३८ दाखवत होता, नंतर १०१.

आता टेबलावर १० किलोओम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन क्लिपा लावून कायम पडलेला असतो. १०० मायक्रोफॅरड त्यातून पाच सेकंदांत जवळपास रिकामा होतो. तरी मल्टीमीटर लावून बघते, कारण मोठा कपॅसिटर रिकामा केल्यावरही थोडं व्होल्टेज परत वर येतं. क्युबेलरच्या दस्तऐवजात रिले वापरून पिनांना संरक्षण द्यायची पद्धत आहे. माझ्या बोर्डवर त्यातलं काहीच नव्हतं.

घ्यावा का? दुरुस्ती करणाऱ्याने घ्यावा, पण त्याच्या मर्यादा माहीत असू द्या. सगळी मापं पाच व्होल्टच्या आतली. पाचच्या वरचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटा वाहणारा डायोड) त्याला साधा डायोड वाटतो, चालू व्हायला जास्त व्होल्टेज लागणारा मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) ओळखता येत नाही, आणि ४०० व्होल्टवर गळणारा कपॅसिटर इथे छान पास होतो. बोर्डवरच बसलेल्या पार्टचं मापही त्याच्याकडून घेऊ नका. घेताना सॉकेटमधल्या चिपचा बोर्ड मिळाला तर तोच घ्या, आणि बरोबर एक जादा चिप घेऊन ठेवा.

जुनी चिप फेकली नाही. पूर्ण पुसली की कुलूपही जातं. तो एक पाय सोडून बाकीचे चालतात. सध्या ती भाच्याच्या ब्रेडबोर्डवर एलईडी लुकलुकवते आहे. मेलेल्या पायाशेजारी त्याने मार्करने लाल टिंब काढलंय.