शाई दाखवा, तर्री वाढवून घ्या : उमरेडचा एक ठेला

नागपुरात तर्री-पोह्याचे ठेले काही कमी नाहीत. मग मनीषनगरात राहणारी बाई त्यासाठी पन्नासेक किलोमीटरवरच्या उमरेडला काहून जाते? तर पोह्यांसाठी नाहीच जात. माझं नाव अजून माहेरच्या मतदार यादीत आहे. राहतो तिथं नाव हवं, फॉर्म ८ भरून ते हलवता येतं, सगळं ठाऊक आहे. कंटाळा, दुसरं काय. निवडणूक आली की गणेशपेठेतून एसटी पकडायची, बायकांना अर्धं तिकीट आहेच, मत टाकायचं आणि मग या ठेल्यावर उभं राहायचं.

ठेल्याला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. पोहे मोकळे, वर बारीक कांदा, सांबार (पुण्याच्या वाचकांनो, कोथिंबीर), शेव आणि काळ्या चन्याची तर्री. मिरची भिवापुरी, असं ठेलेवाले भाऊ म्हणतात. रंगावरून खरं वाटतं. तिखट जिभेला नाही, कानाला लागतं. प्लेट २५ रुपये.

१९ एप्रिल २०२४ ला, लोकसभेच्या दिवशी, ठेल्यावर पुठ्ठा टांगला होता : शाई दाखवा, प्लेट १५ रुपये. एका पोरानं स्केचपेननं नख रंगवून आणलं होतं. भाऊंनी काही न बोलता त्याच्या बोटावर लिंबाची फोड घासली. "पुसली तं खोटी, रायली तं खरी." पोराचे २५ लागले, वर सगळ्यांचं हसू फुकट.

मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही. ठेला त्याच्या पुष्कळ बाहेर, म्हणून तिथं तोंडं सुटलेली. विषय एकच : राजू पारवे. २०१९ ला उमरेडनं त्यांना पंजावर आमदार केलं आणि आता ते धनुष्यबाण घेऊन, उमरेड ज्यात येतं त्या रामटेकमधून लोकसभेला उभे. समोर काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे, तेही पत्नीचा अर्ज बाद झाला म्हणून ऐनवेळी. एक काकाजी म्हणाले, "आमच्या रामटेकनं देशाला पंतप्रधान देल्ला." शेजारच्यानं चन्याचा घास गिळून दुरुस्ती केली : नरसिंह राव ८४ आणि ८९ ला इथून खासदार होते, पंतप्रधान झाल्यावर निवडून आले ते नंद्यालमधून. काकाजींनी विषय तर्रीवर नेला.

कोण कोणाचं, हे कोणी सांगत नाही. पण "पारवेंनी असं कराले नोको होतं" हे वाक्य मी तासाभरात चार वेगवेगळ्या तोंडून ऐकलं, त्यात एक तोंड पक्कं दुसऱ्या बाजूचं. निकालात बर्वे आले तेव्हा मला नवल वाटलं नाही. मतदान रामटेकला ६१ टक्क्यांच्या आसपास, नागपूर शहरात ५४. माझ्या अपार्टमेंटमधल्या लोकांना ऊन लागत होतं म्हणे. उमरेडला काय सावली होती?

आता तक्रार. पोहे अकराला संपतात, म्हणजे सवलतही अकराला संपते. सकाळी सातला रांगेत उभे राहणारे रिटायर्ड काकाजी सवलत नसती तरी मत देणारच होते. मिरचीच्या सातऱ्यावर (मिरची निवडायची जागा) देठ खुडणाऱ्या बाया काम उरकून चारनंतर केंद्रावर येतात. त्यांच्या बोटाला शाई लागते तेव्हा इथं कढई घासून पालथी पडलेली असते. मी भाऊंना हे बोलले. ते म्हणाले, "ताई, दुपारी पोहे खाते कोण?" उत्तर पटलं नाही, पण माझ्याजवळही दुसरं नव्हतं.

२० नोव्हेंबरला विधानसभेसाठी पुन्हा गेले. यावेळी मुद्दाम दुपारची एसटी. चारच्या सुमाराला ठेला उघडा! पोहे नव्हते, समोसा फोडून त्यावर तर्री, शाईवाल्यांना पाच रुपये कमी. सातऱ्यावरच्या सहाजणी बाकड्यावर बसल्या होत्या, डावी बोटं पदरानं पुसत. तर्रीचं तेल निघतं, शाई काही निघत नाही. एकीनं मला विचारलं, "तुमी नागपूरच्या नं? मंग इथं काहून?" मी समोशात तोंड घातलं.

खरं सांगायचं तर दुपारची तर्री पातळ होती. सकाळच्याच पातेल्यात पाणी वाढवलेलं, चने तळाशी गेलेले. त्यासाठी अर्धा तारा कापते. सकाळी गेलात तर साडेचार तारे, दुपारी चार. लिंबू मागून घ्या, बिना शाईचं असलं तरी देतात.