ओपन ब्रश: गूगलनं खाली ठेवलेला कुंचला

२६ जानेवारी २०२१ रोजी गूगलनं टिल्ट ब्रशचा, म्हणजे व्हीआर हेडसेट घालून हवेत त्रिमितीय चित्रं काढायच्या आपल्या ॲपचा, कोड अपाची २.० लायसन्सखाली (कुणालाही वापरू आणि बदलू देणारा परवाना) खुला केला. त्याच वेळी सांगून टाकलं की पुढचं काम होणार नाही आणि कुणाच्या पुल रिक्वेस्टही (बाहेरच्यांनी सुचवलेले कोडमधले बदल) घेतल्या जाणार नाहीत. ट्रेडमार्क मात्र सोडला नाही, म्हणून वापरणाऱ्यांनी फोर्क करून (त्या कोडची वेगळी प्रत काढून) चालवलेल्या ॲपचं नाव ओपन ब्रश. पीसीसाठी स्टीमवर आणि मेटाच्या क्वेस्ट हेडसेटच्या स्टोअरवर फुकट आहे.

व्हीआर ॲप नुसतं पडून राहिलं तरी मोडतं. ॲप ज्यावर बनतं ते युनिटी इंजिन बदलतं, हेडसेटचा रनटाइम (ॲप चालवणारं सॉफ्टवेअर) बदलतो, अँड्रॉइडचे परवानग्यांचे नियम बदलतात. गूगलनं दिलेला कोड युनिटी २०१८.४.११ वरचा होता. तो नव्या युनिटीवर आणि ओपनएक्सआरवर (वेगवेगळ्या हेडसेटसाठीचं एकच मानक) आणणं हे या चमूचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी कौतुक झालेलं काम. लेयर्स, पासथ्रू (हेडसेटमधून खरी खोली दिसणं), लुआ भाषेतले प्लगइन ही भर त्यानंतरची.

आमच्या लेखी खरी परीक्षा एकच: जुनं चित्र उघडतं का? उघडतं. पीसीवर डॉक्युमेंट्समधल्या टिल्ट ब्रश फोल्डरमध्ये स्केचेस आहे, त्यातल्या .टिल्ट फाइल्स ओपन ब्रश फोल्डरमधल्या स्केचेसमध्ये कॉपी करा. कट करू नका. क्वेस्टवर केबल लावून हेच करायचं, आणि जुनं ॲप काढायच्या आधी. उलट दिशेनं मात्र भरवसा धरू नका. फाइलमध्ये ब्रशचं नाव साठवलेलं नसतं, त्याचा जीयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक) असतो. ओपन ब्रशमध्ये नव्यानं आलेल्या ब्रशचा जीयूआयडी जुन्या टिल्ट ब्रशला ठाऊकच नाही.

फाइल उघडत नसेल तर लगेच हाय खाऊ नका. .टिल्ट म्हणजे सुरुवातीला १६ बाइटचं हेडर जोडलेली झिप. एक प्रत घ्या, एक्स्टेन्शन झिप करा. काही प्रोग्राम त्या १६ बाइट्सवर अडून बसतात. तसं झालं तर हेक्स एडिटरमध्ये तेवढे उडवा. आत मेटाडेटाची जेसन फाइल, लघुचित्र आणि डेटा.स्केच दिसायला हवं. डेटा.स्केचमध्ये प्रत्येक फटकाऱ्याचे बिंदू, त्यांची दिशा आणि दाब असतो. तीच फाइल शून्य बाइटची निघाली तर चित्र गेलं. लघुचित्र शाबूत आहे म्हणून आशा लावून बसू नका.

एक्सपोर्ट हा नाजूक भाग. जीएलटीएफ किंवा एफबीएक्स या त्रिमितीय फाइल-प्रकारांत आकार बाहेर जातो, पण चमकणारे, हलणारे ब्रश शेडरवर (रंग-प्रकाश दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) चालतात आणि शेडर फाइलसोबत जात नाही. ब्लेंडर या त्रिमितीय प्रोग्राममध्ये आगीचा ब्रश सपाट पट्टी दिसला तर तो बग नव्हे. युनिटीत न्यायचं असेल तर प्रकल्पाचंच युनिटी पॅकेज आधी टाका, मग मॉडेल आणा.

गूगलची त्रिमितीय मॉडेल्सची पॉली गॅलरी ३० जून २०२१ ला बंद झाली. तिची जागा याच मंडळींच्या इकोसा गॅलरीनं घेतली आहे. ॲपमध्ये ४००७४ पोर्टवर एचटीटीपी एपीआयही (स्क्रिप्टनं ॲपला आज्ञा द्यायची सोय) आहे. ॲप चालू ठेवून त्याच पीसीच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, हा पोर्ट आणि पुढे हेल्प टाकलं की आज्ञांची माहिती मिळते. स्क्रिप्टनं अचूक बहुभुज काढणं हातानं काढण्यापेक्षा कितीतरी सोपं.

क्वेस्टच्या चिपवर भारी चित्र अडखळतं. धूर, ठिणग्या असे कणांचे ब्रश जपून वापरा. पीसीवर काढलेलं दाट चित्र तिथे उघडण्याआधी अनावश्यक फटकारे पुसून वेगळ्या नावानं सेव्ह करा.

कोडवरून स्वतः ॲप बिल्ड करणाऱ्यांसाठी: रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) लिहिलेला युनिटीचा आवृत्ती-अंक शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. ‘जवळपासचा’ घेतलात तर इम्पोर्टलाच तास जातात आणि वर चुका येतात. गूगल आणि स्केचफॅब (त्रिमितीय मॉडेल्सची साइट) यांच्या एपीआय-किल्ल्या कोडसोबत मिळत नाहीत. त्या स्वतः काढून सीक्रेट्स फाइलमध्ये भरल्या नाहीत, तर चित्र काढता येईल, पण अपलोड करता येणार नाही.