रास्पबेरी पाय ४ वर केस्टार्स-एकोस: कॅमेरा मध्येच हँग होत असेल तर सॉफ्टवेअर काढून टाकायच्या आधी हे वाचा

रास्पबेरी पाय ४ हा छोटा एका बोर्डावरचा कॉम्प्युटर, चार जीबीवाला, माउंटच्या (दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्राच्या) बाजूला बांधलाय आणि त्यावर केस्टार्स, एकोस आणि इंडी असा दुर्बीण-कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा सगळा सेट चालवून डीप स्काय, म्हणजे तेजोमेघ-दीर्घिकांचे, फोटो काढतोय, आणि आता नीट वापरून झालंय म्हणून सविस्तर रिव्ह्यू लिहितोय. कारण दर अमावस्येच्या वीकेंडनंतर कुणीतरी विचारतंच की कॅमेरा कनेक्ट होतो, चार-पाच फ्रेम छान येतात आणि मग एक्स्पोजर टाइमआउट, रीस्टार्टिंग एक्स्पोजर (फोटो वेळेत आला नाही, परत घेतोय) असं येत राहतं, मग हे सॉफ्टवेअर बेकार आहे का. माझं स्पष्ट मत, बेकार अजिबात नाही, फुकटात मिळणारं इतकं ताकदीचं दुसरं काही मला तरी पायवर दिसलेलं नाही, आणि हे जे हँग होणं आहे त्याचं मूळ बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या खाली असतं, पॉवरमध्ये, केबलमध्ये, लिनक्सच्या एका छोट्या सेटिंगमध्ये.

थोडक्यात रचना सांगतो कारण ती कळली की निम्मं ट्रबलशूटिंग सोपं होतं. केस्टार्स हा केडीईवाल्यांचा तारांगणाचा प्रोग्रॅम, त्याच्या आत एकोस, जिथून आपण फोटो, फोकस, गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण अचूक फिरवत ठेवणं), अलाइनमेंट (दुर्बीण नेमकी कुठे रोखलीय ते जुळवणं) सगळं चालवतो. प्रत्यक्ष कॅमेऱ्याशी बोलतो तो इंडी, एलवूड डाउनी यांनी सुरू केलेला प्रोटोकॉल, पुढे जासेम मुतलक आणि जगभरातल्या लोकांनी वाढवला. इंडीमध्ये प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर ही वेगळी प्रोसेस असते आणि इंडीसर्व्हर ७६२४ पोर्टवर बसून सगळ्यांना जोडतो. म्हणजे कॅमेऱ्याचा ड्रायव्हर मेला तरी माउंट चालूच राहतो, केस्टार्स पण उघडाच, आणि सर्व्हर तो ड्रायव्हर स्वतःच परत उठवायचा प्रयत्न करतो. मला या सगळ्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हेच, की बिघाड कुठल्या थरात आहे हे वेगळं काढून बघता येतं. घरातली लाइट गेली की आपण आधी मेन बघतो, मग फ्यूज, मग बल्ब, तसंच इथे करायचं.

आता पॉवर. यावर जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त रात्री यानेच वाया जातात. अंधारं आकाश शोधत वेल्हे, भोर, वांगणी कुठेही गेलात तरी आपण बारा व्होल्टच्या बॅटरीवर असतो आणि पायला पाच व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये कन्व्हर्टर येतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर द्यायला सांगितलेत आणि ४.६३ च्या खाली गेला की तो अंडरव्होल्टेज धरतो. माझ्याकडे बाजारातून घेतलेला एक कन्व्हर्टर होता, वर ३ अँपिअर छापलेलं, मल्टीमीटर लावला की बरोब्बर ५.१ दाखवायचा, पण तो विनालोडचा आकडा, कॅमेऱ्याने फ्रेम डाउनलोड करायला घेतली आणि त्याच वेळी गाइड कॅमेरा चालू असला की व्होल्टेज बसायचा आणि कॅमेरा यूएसबीवरून गायब. पुढे बारीक लांबलचक केबल असेल तर अजूनच. आपण स्क्रीन न लावता मोबाइल किंवा लॅपटॉपवरून कनेक्ट होतो त्यामुळे व्होल्टेज पडला की स्क्रीनवर येणारं पिवळं विजेचं चिन्ह डोळ्यांना दिसत नाही, म्हणून टर्मिनलमध्ये गेट थ्रॉटल्डची (vcgencmd get_throttled) कमांड द्या, उत्तर शून्य आलं पाहिजे. पाय चालू केल्यापासून एकदा जरी व्होल्टेज पडला असेल तरी त्याची नोंद त्या आकड्यात राहते, तेव्हा ही कमांड पहाटे सामान आवरताना, पाय बंद करायच्या आधी द्यायची, म्हणजे रात्रभरात काय झालं ते समजतं.

अजून एक, पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. मेन कॅमेरा, गाइड कॅमेरा, फोकसर, वर एसएसडी, एवढं सगळं डायरेक्ट लावलं तर कसं पुरणार? स्वतःची पॉवर असलेला हब घ्या. कूलरवाला कॅमेरा असेल तर कूलरला बारा व्होल्ट वेगळे जातात पण कॅमेऱ्याची इलेक्ट्रॉनिक्स बहुतेक यूएसबीवरच चालते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. माझ्याकडे चांगला कन्व्हर्टर, जाड आणि वीतभर केबल, आणि पॉवरवाला हब आल्यापासून कॅमेरा गायब होणं बंद झालंय.

पॉवर ठीक असूनही मोठी फ्रेम येतच नसेल तर यूएसबीची मेमरी मर्यादा बघा. लिनक्समध्ये यूएसबी ट्रान्सफरसाठी ठेवलेली जागा मुळात १६ एमबी असते. आता हिशोब करा, आयएमएक्स ५७१ सेन्सरची फ्रेम ६२४८ बाय ४१७६, प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे साधारण ५२ एमबी. आयएमएक्स ५३३ चौकोनी आणि लहान, तरी १८ एमबी होतेच. काही ड्रायव्हर तुकड्या-तुकड्याने नेतात आणि निभावतं, काही अडकतात, त्यातून दोन कॅमेरे एकदम असले की मग नक्कीच. ही मर्यादा बूटच्या कमांडलाइनमध्ये (पाय सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या ओळीत) १००० एमबी करून ठेवायची, एका ओळीचं काम आहे आणि रीबूटनंतर कायम राहतं.

वायफायचा त्रास वेगळाच असतो आणि तो कॅमेऱ्याचा वाटतो. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो, हे माहितीतलं आहे, आणि पायचा अँटेना पोर्टपासून कितीसा लांब असणार. त्यामुळे फ्रेम डाउनलोड होताना नेमकं रिमोट डेस्कटॉप गोठतं आणि आपल्याला वाटतं सगळंच हँग झालं, आत मात्र एकोस शांतपणे फोटो काढत असतो. पायचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर करा. आणि केस्टार्स लॅपटॉपवर आणि फक्त इंडी पायवर असं चालवत असाल तर फोटो पायवरच सेव्ह होतील असं सेटिंग ठेवा, नाहीतर प्रत्येक ५२ एमबी हवेतून ओढायला लागतो आणि त्यातच टाइमआउट येतो. मी आता केस्टार्सपण पायवरच चालवतो, चार जीबीत आरामात चालतं.

घड्याळाबद्दल कुणी बोलत नाही पण बोलायला हवं. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाहीये, नेट नसलेल्या माळावर चालू केला की तो मागच्या वेळी बंद केला तीच वेळ धरून बसतो. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे दोन तासांचा फरक असला की मृगाचा तेजोमेघ सांगितला की दुर्बीण भलतीकडेच बघणार. प्लेट सॉल्व्ह करून (फोटोतल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखून) सिंक केलं की निशाणा बरोबर होतो, पण मेरिडियन फ्लिपचं (तारा माथ्यावरची उत्तर-दक्षिण रेषा ओलांडतो तेव्हा दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवण्याचं) आणि उंचीच्या मर्यादेचं गणित वेळेवरच असतं, ते चुकीचंच राहतं. डीएस ३२३१ चं छोटं घड्याळ मॉड्यूल पिनांवर लावा किंवा यूएसबी जीपीएस, इंडीत त्याचाही ड्रायव्हर आहे. पाय ५ मध्ये घड्याळ बोर्डावरच दिलंय, फक्त बॅटरी जोडायची, पण पाय ५ घेणार असाल तर ५ अँपिअरचा सप्लाय लागतो हे लक्षात ठेवा, तो नसेल तर यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो.

आता बिघाड शोधायचा कसा. एकोसच्या लॉग (घडामोडींच्या नोंदी) सेटिंगमध्ये जाऊन नोंदी फाइलमध्ये जाऊ द्या, सविस्तर असू द्या, आणि कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरचा लॉगही चालू करा. मग हँग झालं की घाईघाईने सगळं रीस्टार्ट न करता दोन मिनिटं द्या आणि कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग बघा. त्यात यूएसबी डिस्कनेक्टची ओळ असेल तर पॉवर नाहीतर केबल, सॉफ्टवेअरला हातही लावू नका. डिस्कनेक्ट नाही पण ड्रायव्हर अडकलाय, तर मेमरी मर्यादा किंवा ड्रायव्हरची आवृत्ती. दोन्ही साफ आणि तरी लॅपटॉपवर काही येत नाही, मग वायफाय.

आणि सिम्युलेटर! इंडीसोबत सीसीडी सिम्युलेटर आणि टेलिस्कोप सिम्युलेटर (खोटा कॅमेरा आणि खोटी दुर्बीण) येतात, खरा कॅमेरा काढून ते प्रोफाइलमध्ये टाकायचे आणि तोच फोटोंचा सीक्वेन्स तासभर चालवायचा. सिम्युलेटरवर सगळं सुरळीत चाललं तर केस्टार्स आणि तुमची सेटिंग ठीक आहेत, दोष कॅमेरा, त्याचा ड्रायव्हर आणि केबल यातच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश दिसतच नाही, तेव्हा घरात बसून शेड्युलर, फोकस, अलाइनमेंट सगळं यावर शिकता येतं, ऑक्टोबरची पहिली स्वच्छ रात्र येईपर्यंत हात बसलेला असतो. पैसे घेऊन विकणाऱ्यांनीही इतकी विचारपूर्वक सोय केलेली मी पाहिलेली नाही.

कौतुकाची अजून एक जागा म्हणजे पोलर अलाइनमेंट, माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवणं. पुण्याहून ध्रुवतारा जेमतेम साडेअठरा अंशावर, गच्चीवरून बघायला गेलं तर समोरची बिल्डिंग आडवी येते आणि डोंगरात गेलं तर डोंगर. एकोसच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ध्रुवतारा दिसायची गरजच नाही, आकाशात जिथे मोकळं आहे तिथे माउंट थोडा-थोडा फिरवत तीन फोटो घेतो, सॉल्व्ह करतो आणि स्क्रू किती फिरवायचे ते स्क्रीनवर दाखवतो. महाराष्ट्रातल्या माणसासाठी ही एवढी एक गोष्ट असती तरी मी हे सॉफ्टवेअर वापरलं असतं. फक्त त्यासाठी इंडेक्स फाइली (सॉल्व्ह करायला लागणाऱ्या ताऱ्यांच्या याद्या) आधी घरीच डाउनलोड करा, तुमच्या फ्रेमच्या मापानुसार कुठल्या हव्यात ते एकोसच दाखवतो, माळावर नेट शोधत बसू नका.

आता खटकलेलं. इन्स्टॉल करणं नवख्या माणसाला जड आहे, उबुंटूवर त्यातल्या त्यात सोपं, पायच्या स्वतःच्या सिस्टिमवर नवीन आवृत्ती हवी तर सोर्समधून बांधायला लागते आणि त्यात तासन्‌तास जातात. स्टेलरमेट म्हणून तयार सिस्टिम विकत मिळते, ज्यांना लिनक्सशी झटायचं नाही त्यांनी ती घ्यावी. एकोसमध्ये टॅब आणि चौकटी इतक्या आहेत की पहिला आठवडा गोंधळ होतोच, आणि एरर मेसेज खरं कारण सांगत नाहीत, टाइमआउट झालं एवढंच सांगतात, त्यात सुधारणा व्हायला हवी. अपडेटचं पण जपून, कॅमेरा कंपनीची लायब्ररी (ड्रायव्हरला लागणारा कंपनीचा कोड) बंद स्वरूपात येते आणि ती बदलली की कालपर्यंत चालणारा कॅमेरा आज ओळखलाच जात नाही असं होऊ शकतं, म्हणून नीट चालणाऱ्या मेमरी कार्डाची पूर्ण इमेज (नक्कल) काढून ठेवा आणि अपडेट पावसाळ्यातच करा.

उन्हाळ्यात हीटसिंक आणि छोटा फॅन लावाच, ८० अंशाला पाय स्वतःचा वेग कमी करायला लागतो.

एएसआयएअर, म्हणजे झेडडब्ल्यूओ कंपनीचं असंच काम करणारं तयार उपकरण, घ्यावं का असं विचारतात. ते सुटसुटीत आहे, मोबाइलवर लगेच चालतं, पण डीएसएलआर सोडले तर कॅमेरा त्याच कंपनीचा लागतो आणि आत काय चाललंय ते बघता येत नाही. विंडोजचा मिनी पीसी असेल तर निना हे फोटो काढायचं सॉफ्टवेअर पण उत्तम. ज्याच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांचं सामान आहे, बजेट मर्यादित आहे आणि स्वतः शोधून दुरुस्त करायची तयारी आहे त्याने डोळे झाकून पाय आणि एकोस घ्यावं, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. नवीन कॅमेरा घ्यायचा असेल तर पैसे द्यायच्या आधी इंडीच्या ड्रायव्हर यादीत ते मॉडेल आहे का, आणि कंपनीची लायब्ररी ६४ बिट आर्मसाठी (पायच्या प्रोसेसरच्या प्रकारासाठी) मिळते का, हे दोन्ही बघून घ्या, आणि दुकानदार चालतंय म्हणाला तर त्याला पायवर लावून एक पूर्ण फ्रेम दाखवायला सांगा.