डीजे कंट्रोलरवर एबलटन: चवथ ते शिगमो

दोन चॅनेलचा, दोन्ही बाजूंना आठ-आठ पॅड असलेला, यूएसबीवरच चालणारा साधा डीजे कंट्रोलर मी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी घेतला. पार्टीत वाजवायला नव्हे, एबलटन लाइव्ह या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक बनवायला. मॉडेलचं नाव लिहीत नाही. खाली जे सांगतोय ते या वर्गातल्या जवळपास सगळ्या यंत्रांना लागू आहे, आणि ब्रँडवरून भांडायला आपल्याकडे माणसं कमी नाहीत. आता शिगमोही (गोव्यातला होळीचा सण) उलटला. या वस्तूवर गाणं रचायला बसू नका. रचलेलं गाणं वाजवायला मात्र ती फार कामाची आहे. आणि पैसे वसूल होतात ते त्या झकपक तबकड्यांनी नव्हे, फिल्टरच्या (आवाजाचा काही भाग गाळणाऱ्या) नॉबने आणि फेडरने (सरकत्या दांडीने).

केबल लावली की लाइव्हला कंट्रोलर दिसतो, पण एकही बटण काही करत नाही. डीजे सॉफ्टवेअरमध्ये सगळं बांधून येतं, इथे प्रत्येक कळ आपणच बांधायची. मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यातली संदेशांची भाषा. लाइव्हमधलं मिडी मॅप चालू करा, पडद्यावरच्या गोष्टीवर क्लिक करा, कंट्रोलरवरचं बटण हलवा, झालं. मिडी सेटिंग्जमध्ये इनपुटबरोबर आउटपुटच्या रांगेतलंही ‘रिमोट’ चालू करायला विसरू नका, नाहीतर पॅडचे दिवे लाइव्हच्या सांगण्यावर चालत नाहीत. विंडोजवर बहुतेक वेळा एक मिडी पोर्ट एकाच सॉफ्टवेअरच्या ताब्यात असतं, त्यामुळे डीजे सॉफ्टवेअर आधी बंद करावं लागतं. मॅकवाल्यांना हा जाच नाही.

शिफ्ट दाबून मारलेला पॅड बऱ्याच कंट्रोलरवर वेगळा संदेश पाठवतो, पॅडचा मोड बदलला की आणखी वेगळा. म्हणजे दिसायला सोळा पॅड, पण कामाला त्याच्या कितीतरी पट. सुरुवातीला हे सगळं वापरायचा मोह होतो. आता मी एकच मोड ठेवलाय: डावे पॅड क्लिप (आवाजाचे तुकडे) सुरू करायला, उजवे ट्रॅक म्यूट करायला. बाकीचं हाताच्या लक्षात राहत नाही.

या पॅडवर ड्रम वाजवायचा विचार असेल तर थांबा. बहुतेक स्वस्त डीजे कंट्रोलरचे पॅड जोर ओळखत नाहीत. हळू मारा, जोरात मारा, दर ठोक्याला 127 हाच आकडा जातो. ताशाची एक ओळ वाजवून बघितली, तर कुणीतरी टेबलावर खिळे ठोकतंय असं ऐकू आलं. ड्रमच्या वाद्याआधी व्हेलॉसिटीचा (ठोक्याच्या जोराचा) इफेक्ट टाकून त्यात थोडा रँडम दिला तर कान फसतो, पण वाजवणाऱ्याला कळतंच. बीट बनवणं हेच मुख्य काम असेल तर जोर ओळखणारा पॅड कंट्रोलर घ्या, त्यावर वाद नको.

नॉबचं गणित वेगळं. मिडी 1983 सालचं, आणि त्याचा साधा नॉब 0 ते 127 एवढ्याच पायऱ्या चढतो. फिल्टरची फ्रिक्वेन्सी 20 हर्ट्झपासून 20 किलोहर्ट्झपर्यंत या 128 पायऱ्यांत बसवली की जिथे खरा खेळ आहे तिथेच हात उड्या मारतो. उपाय मॅपिंगच्या यादीतच आहे: किमान आणि कमाल आकडा आवळून घ्या. माझा नॉब फक्त 200 हर्ट्झ ते 6 किलोहर्ट्झ फिरतो आणि लोण्यासारखा चालतो. टेम्पोचा लांब फेडर बऱ्याच यंत्रांत 14 बिटचा, म्हणजे 16,384 पायऱ्यांचा असतो. एका हालचालीला दोन संदेश येतात. बांधताना लाइव्हने दुसरा संदेश पकडला तर आकडा वेड्यासारखा नाचतो. मॅपिंगचा प्रकार 14 बिट करा. शिवाय टेकओव्हर मोड ‘पिक-अप’वर ठेवा, म्हणजे फेडर पडद्यावरच्या आकड्याला पोचेपर्यंत काही बदलत नाही, नाहीतर फेडरला बोट लागताच आवाज कुठून कुठे जातो.

हे सगळं ज्याच्यासाठी केलं ते म्हणजे घुमट. गोव्यातल्या डिचोलीत आमच्या वाड्यावर चवथीला घुमट आरती होते. घुमट, शामेळ (चर्मवाद्य), कांसाळें (झांजा). घुमट म्हणजे दोन्हीकडून उघडं मातीचं भांडं, मोठ्या तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकरीचं लावतात. 2019 मध्ये सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. वाजवणारा एका हाताने थाप मारतो आणि दुसऱ्या हाताने मागचं बारीक तोंड झाकतो-उघडतो, त्यावर आवाज मिटतो नि खुलतो. मी दोन माइक लावले होते, एक कातड्याकडे, एक त्या बारीक तोंडाकडे. दुसऱ्या माइकमधला खर्ज ऐकून घरातली भांडी हलली.

ते रेकॉर्डिंग माउसने फिल्टर केलं तेव्हा ते रीमिक्ससारखं वाजलं. नॉबवर बांधून हाताने फिरवलं तेव्हा श्वास आला. मंडळात वर्षानुवर्षं घुमट वाजवणारे काका एकदा घरी आले होते. त्यांना कॉम्प्युटरचं काहीच पडलेलं नाही. हेडफोन घातला, मी नॉब दाखवला, आणि दुसऱ्याच आवर्तनाला त्यांनी तो अगदी ठेक्याच्या मधल्या जागी उघडायला सुरुवात केली. ‘हें धांपपाचें काम न्हय रे?’ (हे झाकायचंच काम ना रे?) एवढंच म्हणाले. ती ऑटोमेशन (नॉबच्या हालचालींची नोंद) मी जशीच्या तशी ठेवलीय, एक बिंदू हलवलेला नाही.

लयीचा प्रश्न उरतोच. आरती सुरू होते एका गतीने, संपते भलत्याच. वॉर्पने (लाइव्हच्या वेळ ताणायच्या सोयीने) सरळ ग्रिडवर (समान ठोक्यांच्या चौकटीवर) बसवली की सगळी चढण जाते. शेवटी अरेंजमेंटमध्ये तीच क्लिप टेम्पोची लीडर केली. आता सिंथ आणि किक तिच्या मागे धावतात. सिंकवर (लय आपोआप जुळवण्यावर) जीव टाकणाऱ्यांनी हेही ऐकावं: हणजुण्याच्या (अंजुणाच्या) किनाऱ्यावर जो गोवा ट्रान्स हा नाचाच्या संगीताचा प्रकार वाढला, तो बराचसा डॅटवर (डिजिटल ऑडिओ टेपवर) वाजला, आणि साध्या डॅट डेकवर गती कमी-जास्त करायची सोयच नसायची. 2023 मध्ये वारलेले त्याच संगीताचे डीजे गोवा गिल, बाकीचं जग पुढे गेल्यावरही डॅटच वापरत.

तबकड्या राहिल्या. स्क्रॅच (तबकडी मागेपुढे घासून आवाज काढणं) विसरा, लाइव्हमध्ये तसं होत नाही. क्लिपच्या नज (थोडं मागेपुढे ढकलायच्या) बटणांच्या मधे मिडी मॅप चालू असताना एक स्क्रबची पट्टी उगवते, तिला तबकडी बांधली तर चालू क्लिप मागेपुढे सरकवता येते. त्यासाठी मॅपिंगचा प्रकार ‘रिलेटिव्ह’पैकी योग्य तो निवडावा लागतो. मजा आहे, पण महिन्यातून एकदा हात जातो.

कंट्रोलरचं अंगचं साउंड कार्ड मात्र उपयोगी. आउटपुट 1-2 स्पीकरला, 3-4 हेडफोनला, लाइव्हमध्ये सोलोचं क्यू (फक्त हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय) केलं की पुढची क्लिप आधी कानात ऐकता येते. 44.1 किलोहर्ट्झला बफर (आवाजाचा साठा) 128 ठेवला तर सुमारे 2.9 मिलिसेकंद उशीर, 512 ला साडेअकराच्या वर. जुन्या लॅपटॉपवर 256 बरा. अडचण अशी की विंडोजवर ASIO ड्रायव्हरने लाइव्ह एका वेळी एकच ऑडिओ उपकरण घेतं. घुमटाचं रेकॉर्डिंग दुसऱ्या इंटरफेसवर, मिक्सिंग यावर, असं अदलाबदल करत बसावं लागतं. रात्री 10 नंतर बाहेर स्पीकर लावायचा नाही हा नियम इथे सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे माझं निम्मं काम हेडफोनवरच होतं. पावसात वीज गेली की स्पीकर गप्प. लॅपटॉपच्या बॅटरीवर कंट्रोलर आणि हेडफोन चालू राहतात.

दमट हवेचं सांगायलाच हवं. कापडाखाली झाकून ठेवणं पुरत नाही, हवाबंद डबा आणि सिलिका जेल लागतं, आणि जेलच्या पुड्या बदलत राहाव्या लागतात. फेडर खरखरला तर कॉन्टॅक्ट क्लीनर, घरातलं तेल नव्हे.

सेकंडहँड घेणार असाल तर लॅपटॉप बरोबर न्या. मिडी मॉनिटर (येणारे संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, प्रत्येक फेडर सावकाश खालून वर न्या आणि आकडा 0 पासून 127 पर्यंत न अडखळता चढतो का बघा. नंतर हात काढून एक मिनिट बसा. कुणी न हलवता आकडे सरकत असतील तर तो फेडर गेला. यूएसबीच्या तोंडात टॉर्च मारा. आत हिरवट दिसलं तर ते यंत्र समुद्राकाठच्या शॅकमध्ये राहिलेलं असण्याची शक्यता मोठी, मग मालक काहीही सांगो.